विद्यार्थी निवडणुकांची तारीख जाहीर करा

मा. श्री. चंद्रकांतदादा पाटील,
उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

आपण स्वतः अभाविपचे (अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेचे) पूर्णवेळ कार्यकर्ते होतात, म्हणून कॉलेजांतल्या विद्यार्थी निवडणुकांसाठीचं हे पत्र आपल्यालाच.

डिसेंबर 1973 मध्ये अहमदाबादच्या एल. डी. इंजिनिअरिंग कॉलेजात मेसचं बिल वाढलं. धान्य महाग, तेल महाग, त्यात सरकारवर भ्रष्टाचाराचे आरोप. पोरांचा संताप वसतिगृहात मावला नाही. जानेवारीत गुजरातची शहरं पेटली. बंद, संचारबंदी, गोळीबार. कितीतरी जीव गेले. 9 फेब्रुवारी 1974 रोजी मुख्यमंत्री चिमणभाई पटेलांनी राजीनामा दिला, मार्चमध्ये विधानसभाही विसर्जित झाली. सरकार गेलं याचं मला दुःख नाही. गेलेल्या जिवांचं आहे.

आपल्याकडे काय चाललंय? मार्च 2021 मध्ये एमपीएससीची पूर्वपरीक्षा ऐन वेळी पुढे ढकलली. पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली आणि दुसऱ्याच दिवशी नवी तारीख मिळाली. ऑगस्ट 2024 मध्ये एमपीएससीच्या पूर्वपरीक्षेच्याच दिवशी आयबीपीएसची (बँक भरतीची) परीक्षा आली, मुलं पुन्हा रस्त्यावर बसली, तेव्हा कुठे एमपीएससीने परीक्षा पुढे नेली. निवेदनाला पोच मिळते आणि ठिय्याला उत्तर मिळतं, हे या मुलांना सरकारनेच शिकवलं आहे.

कारण त्यांचं म्हणणं मांडणारा निवडलेला प्रतिनिधीच नाही. कॅम्पसवरच्या हिंसाचाराचं कारण देऊन 1990 च्या दशकात महाराष्ट्रातल्या कॉलेजांतल्या खुल्या निवडणुका थांबल्या. त्यानंतर वर्गात पहिला येईल तो प्रतिनिधी. त्याला कोणी निवडलेलं नसतं, मग वसतिगृहातलं पाणी, रखडलेली शिष्यवृत्ती, लांबलेले निकाल यांसाठी तो कुलगुरूंशी कोणाच्या जोरावर भांडणार? 2016 च्या विद्यापीठ कायद्याने थेट मतदान परत आणलं. 2019 मध्ये वेळापत्रकही निघालं, पण विधानसभा निवडणुकीमुळे ते बाजूला पडलं आणि मग करोना आला. करोना जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

अठराव्या वर्षी ही मुलं आमदार-खासदार निवडतात, आपल्या कॉलेजचा प्रतिनिधी मात्र नाही. हाणामारीची भीती असेल तर आचारसंहिता कडक करा, खर्चाला मर्यादा घाला, बाहेरच्यांना फाटकाबाहेर ठेवा. कायदाच बासनात ठेवू नका.

आणखी एक. शांततेने आंदोलन केलेल्या विद्यार्थ्यांवरचे गुन्हे मागे घेण्याची शिफारस गृह खात्याकडे करा. पोलिस पडताळणीत तो एक कागद नोकरीच्या आड येतो.

पुढचं शैक्षणिक वर्ष सुरू होण्याआधी निवडणुकीची तारीख जाहीर व्हावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक पालक, पुणे