ताईच्या लग्नाआधीचं पत्र

नॉरिच, इंग्लंड, १२ नोव्हेंबर

ती. बाबा व सौ. आईस,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. थंडी आहे, पण खोली ऊबदार आहे. आई, जेवणाची काळजी खरंच नको.

बाबा, गव्हात आम्ही काही मिसळत नाही, शेजारचे काका काहीही म्हणोत. माझं काम खुणा शोधायचं. तांबेऱ्याला दाद न देणारं जनुक रोपात एक आहे की दोन, हे शेतात डोळ्यांना कळत नाही. दोन्ही रोपं सारखीच हिरवी. पण एकाच जनुकावर भिस्त ठेवली, तर बुरशी कधीतरी त्याला भेदते. युगांडात १९९८ साली सापडलेल्या यूजी ९९ या तांबेऱ्याच्या बुरशीनं एसआर ३१ या जनुकाचं तेच केलं. म्हणून कोवळ्या पानाच्या तुकड्यातून डीएनए काढून जनुकालगतची एका अक्षराची खूण तपासायची. अवघड एवढंच, की गव्हात ए, बी, डी असे तीन जनुकसंच, मजकूर जवळजवळ सारखा. खूण नेमकी एकाच संचातली हवी, नाहीतर तिन्ही एकदम बोलतात. २०१८ साली गव्हाचा जनुकनकाशा आला, तेव्हापासून हे पुष्कळ सोपं झालंय. आणि एसआर १३, एसआर १४ ही जनुकं आपल्या खपलीत आहेत! आजी जिची खीर करते, तीच. हे वाचलं त्या दिवशी मला फार अभिमान वाटला.

इथलं एक मात्र अजून उमगत नाही. खेड्यांत फाटकाशी टेबलावर अंडी, बटाटे, भोपळे मांडतात. पाटीवर भाव, शेजारी पैशांचा डबा. राखायला कुणी नाही. आपणच वस्तू उचलायची, आपणच नाणी टाकायची. सुटे नसले तर लोक जास्तीचे टाकून जातात, पण दार वाजवत नाहीत. पावसात अंड्यांवर झाकण असतं, माणूस नसतो. संध्याकाळी मालकीण डबा घरात नेते, बस्स. आपली द्राक्षं अशी ठेवता येतील का, हाच विचार मनात येत राहतो.

पैसे कालच पाठवलेत. हप्ता भरून उरतील ते विहिरीच्या मोटारीला लावा, माझ्या नावानं बाजूला टाकू नका. ताईचं लग्न फेब्रुवारीत, आणि नेमका तेव्हाच काचघरातला गहू ओंबीवर. मला येता येणार नाही. मार्चमध्ये नक्की येते. ताईला मी स्वतः फोन करीन, तुम्ही आधी सांगू नका. करवली मामाच्या मुलीला करा, माझी पैठणी तिलाच नेसवा. हळदीला व्हिडिओ लावाल ना?

नाशिकच्या स्थळाला मी नाही म्हटलेलं नाही. इथलं काम संपायला अजून वर्ष लागेल, तोवर थांबतील का, एवढं विचारा. पैसे पोचले की कळवा.

तुमची,
धाकटी