आई-बाबा, शनिवारचं थोडं बदलतंय

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगायला घेतलं की आई मध्येच "जेवलीस का" विचारते आणि बाबा फोन तिच्याकडं देऊन मोकळे होतात, म्हणून लिहितेय. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सकाळी मला गडहिंग्लजला यायला जमणार नाही. त्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं येईन, रविवार पूर्ण तुमचा. उसाचा हंगाम संपेपर्यंत, म्हणजे साधारण मार्चअखेर, असंच चालेल. मी हो म्हणून बसलेय. रागावू नका.

करवीर तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडीसाठी काम करायचं आहे. शिकवायला सेविका आहेत, चांगल्या आहेत. तिथल्या 3 ते 6 वर्षांच्या पोरांसाठी पंचायतीत, ऑफिसात आणि आयांच्या बैठकीत बोलणारं, पाठपुरावा करणारं माणूस हवंय, ते मी होणार. पगार नाही. बाबा, "नोकरी सांभाळून हे कशाला" असं तुम्ही म्हणणार, म्हणून आधीच सांगते. शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, हे तुम्हीच आमच्याकडून घोकून घेतलंत. पण तो हक्क शाळेच्या वयाचा. 2009 चा शिक्षण हक्क कायदाही हक्क देतो तो 6 ते 14 वयालाच. सहाच्या आतल्यांसाठी राज्यानं प्रयत्न करावा, एवढंच घटनेच्या कलम 45 मध्ये आहे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं 3 ते 8 हा एकच पायाभूत टप्पा धरला, ते बरं झालं. तरी गावात खडू, पाणी, खेळणी पोचायची तर कुणीतरी हेलपाटे घालावेच लागतात. आणि या वयाचं पोर थांबत नाही हो. पंचायत दोन वर्षं थांबली तर तेवढ्यात ते पहिलीत जाऊन बसतं.

हेलपाटे कसले, तेही ऐका. पंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला 10 टक्के निधी महिला व बालकल्याणावर खर्चायचा असतो. तो अंगणवाडीला मिळावा म्हणून ग्रामसभेत मागणी करायची. मी तिथली मतदार नाही, त्यामुळं अर्ज गावातल्या आयांच्या सह्यांचा हवा. आधी महिला सभेत विषय मंजूर करून घ्यायचा, मग ग्रामसभेची नोटीस निघायच्या आत अर्ज देऊन पोचेवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायचा. हे चुकलं की विषय "ऐनवेळचे विषय" मध्ये जातो, आणि तोवर माणसं चपला शोधायला लागलेली असतात. मागणीही मोघम नको. "अंगणवाडी सुधारावी" म्हटलं की ठराव होतो, काम होत नाही. जमिनीपासून अडीच फूट उंचीचा भिंतीचा पट्टा काळा रंगवून द्या, लांबी इतकी, खर्च इतका, असं लिहायचं. त्यातही फळ्याचाच रंग लागतो. साधा ऑइलपेंट मारला की खडू घसरतो, उमटत नाही, आणि मग पट्ट्यावर पोस्टर चिकटवलं जातं.

मला जास्त ओढ आहे ती ऊसतोड टोळ्यांच्या पोरांची. आई-बाप पहाटे अंधारात फडात जातात. खोपीत तीन-चार वर्षांचं पोर आणि त्याला सांभाळायला आठ-नऊ वर्षांची बहीण, म्हणजे एकाची अंगणवाडी गेली आणि दुसरीची शाळा. त्यांचं नाव मूळ गावच्या अंगणवाडीत असतं, पण स्थलांतर केलेल्या मुलाची नोंद इथं करून घेता येते. त्यासाठी आधी सेविकेला भेटायचं, अडलं तर पर्यवेक्षिकेला, त्यानंतर प्रकल्प अधिकाऱ्यांना. थेट वरच्या ऑफिसात गेलं की सेविकेला वाटतं तक्रार केली, आणि काम तिथंच अडतं. नोंद होऊनही चार दिवसांत पोरं यायची बंद होतात, कारण आणायला-न्यायला कुणी नाही आणि रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर. म्हणून मुकादमाशी बोलून टोळीतली एखादी आजी ठरवायची. आजी नसेल तर खोपीपाशीच तासभर गाणी-गोष्टी घ्यायच्या. खेळण्यातली वस्तू सव्वा इंचापेक्षा लहान असेल तर तीन वर्षांखालच्या पोराच्या हाती द्यायची नाही. चिंचोके, मणी थेट घशात जातात.

तुमच्या ओमबद्दलही बोलते. आई, तो साडेतीन वर्षांचा आहे. त्याच्याकडून रोज पाटीभर "अ" गिरवून घेऊ नकोस, लाडके. मनगटाची हाडं या वयात पक्की झालेली नसतात, पेन्सिल आवळून धरायची सवय लागते आणि ती पुढं सुटत नाही. त्यापेक्षा मटार सोलायला दे (शेजारी बसून, दाणा नाकात घालतो तो), कणकेचा गोळा दे, जुना पेपर फाडायला दे. त्यानंच बोटं तयार होतात. बाबांनी गोष्ट सांगताना "मग काय झालं?" विचारून मनात पाचपर्यंत मोजायचं. आपण घाईनं उत्तर देतो, पोराला शब्द जुळवायला वेळ लागतो. तीच गोष्ट दहा वेळा मागितली तर दहा वेळा सांगा. मला सांगायचात तशीच, माकडाचा आवाज काढून.

आता तुमचं. गोळ्यांच्या डब्या मी रविवारी पंधरा दिवसांच्या भरून ठेवीन, सकाळचा कप्पा पिवळा, रात्रीचा निळा. बाबा, बीपी बरं वाटतंय म्हणून गोळी सोडायची नाही, आणि खर्डा भाकरीला लावण्यापुरताच. सिलिंडर काकूंचा संदीप बदलेल, तुम्ही हात लावायचा नाही. गिझरवाला सोमवारी येतोय, आई, तोवर पाणी गॅसवर तापवलंस तर पातेलं उचलू नकोस, तांब्यानं घे. माळ्यावरचं काहीही मी आल्यावर काढू. गुडघ्याच्या डॉक्टरांची तारीख मी शुक्रवारची घेतलीय, रजा टाकून येते, त्याचा या कामाशी संबंध नाही. माझं म्हणाल तर मी एसटीनं जाते, अंधाराआधी गावातून निघते, डबा घेते.

तुम्हांला एकटं टाकतेय असं क्षणभरही वाटून घेऊ नका. आई, तुझ्या मांडीवर डोकं ठेवून पडायचा माझा रविवारचा हक्क मी कुणाला देणार नाही.

26 जानेवारीला ग्रामसभा आहे, त्या दिवशी मात्र येणार नाही. बाबा, अर्जाचा मसुदा सोबत जोडलाय. तुमच्यासारखं सरकारी मराठी मला येत नाही. लाल पेनानं दुरुस्त करा, रंगाचा खर्च तेवढा तिथल्या पेंटरला विचारून कळवा, आणि संदीपकडून फोटो काढून पाठवा, पोस्टानं नको.

तुमची,
सुमी