पहूरच्या गाईडकाकांना, सोमवारच्या वर्गाबद्दल

तीर्थस्वरूप काका,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र तुम्हालाच आहे, पण चारचौघांत लिहितेय. घरी येऊन आभार मानायला लागलं की तुम्ही ‘चहा घेतेस ना?’ म्हणून विषय बदलता. तीनदा झालंय असं. आता सूनबाई मोबाइलवर वाचून दाखवतील तेव्हा मला गप्प करायला मी समोर नसेन. शिवाय गेल्या वर्षभरात जामनेर, पाचोरा, अमळनेरकडच्या दहा-बारा पोरींनी विचारलं, ‘ताई, फ्रेंच करून पुढे काय?’ दर वेळी सांगायची सुरुवात तुमच्यापासूनच होते. म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं.

२००९ ची दिवाळीची सुट्टी. मी एफ.वाय.बी.एस्सी.ला. अजिंठा लेण्यांजवळच्या फर्दापूरच्या टी-पॉइंटवर मामाचं स्फटिकांचं दुकान, म्हणजे एक लाकडी फळी आणि वर ताडपत्री. मामा जेवायला गेला की मी बसायचे. दुकानांवरच्या पोरांसारखे मलाही चार भाषांतले आकडे येत होते, तेही वीसपर्यंतच. एक म्हातारं फ्रेंच जोडपं आलं. जांभळा दगड शंभरला सांगितला, तर नवरा बायकोला म्हणाला, ‘कात्र-व्हॅं’. कात्र म्हणजे चार, व्हॅं म्हणजे वीस. मला वाटलं, हा चार म्हणतोय नाहीतर वीस. मी दगड हातातून ओढून घेतला. ती बाई दचकलीच.

तुम्ही मागे उभे होतात. त्यांच्याशी दोन वाक्यं बोललात, ते हसले, मग मला म्हणालात, ‘बेटा, तुझी आजी ऐंशीला काय म्हणते?’ मी म्हटलं, ‘चार विसा.’ ‘मग तेच म्हणताहेत ते. चार विसा. ऐंशी देताहेत तुला.’

दगड ऐंशीला गेला. शहरात शाळा शिकलेली माझी मावसबहीण आजीच्या ‘विसा’ला हसायची, आणि पॅरिसहून आलेली माणसं तसंच मोजत होती! नव्याण्णव म्हणजे ‘चार विसा, दहा, नऊ’ हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मी दुकानात एकटीच हसत बसले होते. पुढे पुण्यात वर्गातली मुलं याच आकड्यांवर अडखळायची. मी कधीच अडखळले नाही.

अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद, म्हणून आपला फ्रेंचचा वर्ग सोमवारी. कॉलेज आटोपून जळगावहून एसटीने पहूर, तुमच्या ओसरीवर, कव्हर गेलेला तो जाडजूड शब्दकोश मध्ये ठेवून. फी विचारली तर म्हणालात, कोशाला कव्हर घालून आण. मी ते घातलं तिसऱ्या वर्षी. याची मला अजून लाज वाटते.

तुमची शिकवण्याची तऱ्हा काही पुस्तकी नव्हती. बोलताना मी चाचरले की तुमची धुळ्याकडची अहिराणी बाहेर यायची, ‘कसाले घाबरस?’ फ्रेंचमध्ये जवळच्या माणसाला ‘तू’ आणि मान द्यायचा तर ‘व्हू’, यातलं कुठलं कधी वापरायचं हे इंग्रजीतून शिकणाऱ्याला घोकावं लागतं. मला तुम्ही एवढंच विचारलंत, ‘बाबांना तू म्हणतेस का? आणि मामांना?’ झाला धडा. टेबल बाई की बुवा हा प्रश्नही आपल्याला नवा नाही. आपल्याकडे तर तिसरं नपुंसकलिंगसुद्धा आहे, फ्रेंचमध्ये दोनातच भागतं.

एका सोमवारी तुम्ही झेरॉक्सची पानं पुढे टाकलीत. ताव्हर्निये, सतराव्या शतकातला हिऱ्यांचा फ्रेंच व्यापारी. सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला जाताना तो आपल्या खानदेशातूनच गेला होता. १६७६ साली छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात नवापूर आहे, नंदुरबार आहे, थाळनेर आहे, चोपडासुद्धा आहे, सगळ्यांचं स्पेलिंग त्याच्या कानाने ऐकलेलं. नवापूरच्या तांदळाबद्दल तो लिहितो की दाणा नेहमीच्या निम्मा, शिजला की बर्फाहून पांढरा आणि वास कस्तुरीचा. जुन्या फ्रेंचमधलं ते अर्धं पान वाचायला मला तीन सोमवार लागले. पण त्यानंतर फ्रेंच ही परक्यांची भाषा वाटली नाही. ती आमच्या गावांवरून गेलेली भाषा होती.

आणि ती मंगळवारची सकाळ. पहिल्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर उभं करून तुम्ही म्हणालात, सांग, मी पर्यटक आहे. मी तोऱ्यात सुरुवात केली, ‘फ्रेस्क...’ तुम्ही तिथेच थांबवलंत. ओल्या गिलाव्यावर रंगवलं तर फ्रेस्क. इथे मातीत भाताचं तूस आणि तंतू कालवून गिलावा केला, वर चुन्याचा हात फिरवला, तो वाळला आणि मग डिंकात कालवलेले रंग दिले. याला ‘देत्राँप’ म्हणायचं. ‘आलेली बाई चित्रकार असली तर एका शब्दात तुझी किंमत कळेल तिला,’ असं म्हणालात. मग निळा रंग दाखवलात, अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्द नावाच्या निळ्या दगडाचा, आणि त्याच लाजवर्द शब्दातून निळ्यासाठीचा फ्रेंच शब्द ‘आझ्यूर’ निघाला हेही सांगितलंत. आज माझं पोट ज्या कामावर चालतं ते काम नेमकं हेच आहे. कोश उघडण्याआधी वस्तूसमोर जाऊन उभं राहायचं.

बी.एस्सी. झाल्यावर पुण्याला जायचं म्हटलं तेव्हा बाबा म्हणाले, ‘फ्रेंच शिकून काय पोट भरतं का?’ त्यांचंही चूक नव्हतं. त्या वर्षी कपाशीने हात दिला नव्हता. तुम्ही आमच्या घरी आलात, भरीत-भाकरी खाल्लीत, दोन तास पावसावर आणि कपाशीच्या भावावर बोललात आणि निघताना बाबांच्या हातात पाकीट ठेवलंत. आत पाच-दहाच्या नोटा, सगळ्या मिळून २१५ युरो. कित्येक हंगामांची टिप. ‘फ्रेंचांचेच पैसे आहेत, फ्रेंचलाच जाऊ द्या,’ असं म्हणालात. नंतर मी परत द्यायला आले तर तुम्ही भूक नसलेल्या माणसासारखी मान हलवलीत.

पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटच्या इमारतीत विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. तिथे आधी सर्टिफिकेट, मग डिप्लोमा, पुढे एम.ए. असं चढत गेले. सकाळी वर्ग, दुपारी एका दवाखान्यात रिसेप्शनला. मला वाटलेलं, विद्यापीठात भाषा शिकवतात. पण एम.ए.ला पोचल्यावर भाषा येते असं गृहीत धरतात आणि मग साहित्य, भाषाशास्त्र, अनुवाद, सेनेगलपासून क्वेबेकपर्यंतचं लेखन पुढ्यात टाकतात. बाहेर एका खाजगी क्लासमध्ये शिकवणाऱ्यांनी माझे उच्चार ऐकून ‘ही एसटी स्टँडवरची फ्रेंच’ असं म्हटलं होतं. वर्ग हसला. मी रडले नाही, पण तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, स्टँडवर गाडी तरी मिळते. यावर मी किती दिवस जगले म्हणून सांगू!

आता पोरींनो, ‘पुढे काय’चं उत्तर. काका, तुम्ही जरा चहा घ्या.

भाषेच्या पायऱ्या ए-वनपासून सी-टूपर्यंत सहा. ए-टूवर कुणी नोकरी देत नाही, जाहिरात काहीही म्हणो. बी-टूला दारं उघडायला लागतात, आणि तिथवर नीट पोचायला दोन-तीन वर्षं जातात. तिथल्या ‘देल्फ’ या फ्रेंच सरकारच्या परीक्षेचं प्रमाणपत्र जन्मभर चालतं. माझी पहिली नोकरी पुण्यातल्या एका कंपनीत, फ्रेंच ग्राहकांची ‘फाक्त्यूर’ म्हणजे बिलं तपासायची. फ्रान्सचं घड्याळ हिवाळ्यात आपल्यामागे साडेचार तास, म्हणून पाळी दुपारी एक ते रात्री दहा. काम कंटाळवाणं, पगार मात्र नुसत्या इंग्रजीवाल्यांपेक्षा बरा. मग फ्रान्समधल्या शाळेत इंग्रजी बोलायला मदतनीस म्हणून सात महिने गेले, आठवड्याला बारा तास. तिथली पोरं मला खानदेश नकाशावर दाखवायला सांगायची आणि मी केळीच्या बागांचे फोटो दाखवायचे.

आमच्या वर्गातली एक मुलगी पुण्यात शाळेत फ्रेंच शिकवते आणि तिला उसंत नाही. एक हॉटेलातून सहल कंपनीत गेली. एकीने दुभाषी व्हायचं ठरवलं. ते सगळ्यांत अवघड. ऐकताऐकताच बोलायचं, म्हणून अर्ध्या तासाच्या आत जोडीदाराशी पाळी बदलावी लागते. एक कॅनडाला गेली. २०२३ पासून तिथे फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळी निवड होते हे खरं, पण त्यासाठीची परीक्षा ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं चारही अंगांनी घेतात आणि पातळी बरीच वरची लागते. ‘सहा महिन्यांत फ्रेंच, मग थेट कॅनडा’ असा फलक दिसला तर पुढची गाडी पकडा.

एक कडू गोष्टही सांगते. साधा अनुवाद आता यंत्र करतं. शब्दामागचे दर पडलेत, आणि आमच्याकडे यंत्राचं लिहिलेलं तपासायला येतं. नुसती भाषा येणाऱ्याचे दिवस कठीण आहेत. भाषेच्या जोडीला हिशेब, कायदा, औषधं, यंत्रं, काहीतरी एक आतून माहीत असावं लागतं. माझ्याकडे काय होतं? मला वाटायचं, काहीच नाही.

पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत सरकारी कामकाज फ्रेंचमधून चालतं. कोत दिव्वार आणि कॅमेरूनमध्ये केळी मोठ्या प्रमाणावर पिकते. ठिबकला तिकडे ‘गुत-आ-गुत’ म्हणतात, थेंब-थेंब. पाच-सहा वर्षांपूर्वी तिकडच्या केळीबागांचा एक अहवाल इंग्रजीत करायचं काम एका कार्यालयात आलं. यंत्राने लिहिलं होतं, ‘प्रत्येक आहाराचं वजन तीस किलो.’ सगळे गोंधळात. मूळ शब्द ‘रेजीम’. त्याचा अर्थ पथ्याचा आहारही होतो, राजवटही होते, आणि केळीच्या बागेत उभं राहिलं की घड होतो. पुढे ‘मॅं’ होतं, म्हणजे हात. ती फणी. ‘द्वा’ म्हणजे बोट. ते एकेक केळं. केळीच्या पानांवर पडणाऱ्या करपा रोगाला त्यांनी ‘काळ्या रेघांचा रोग’ म्हटलेलं. कार्यालयात कुणाला उलगडेना. मी बाबांना फोन लावला, पाऊण तास बोलले आणि रात्रीत काम दिलं.

तेव्हापासून मी जळगावातच घरून शेतीचे अनुवाद करते. वहीत तीन रकाने आहेत, फ्रेंच, पुस्तकी मराठी आणि बाबांचा शब्द. तिसरा रकाना सगळ्यांत मोठा आहे. ‘फ्रेंच शिकून पोट भरतं का’ विचारणारा माणूस हल्ली दुपारी स्वतः फोन करून विचारतो, ‘आज काही अडलं नाही का?’

येत्या सोमवारी येतेय. वांगी मी बामणोदची आणते, कळण्याची भाकरी काकूंनी करावी. बाबाही येणार म्हणताहेत, कारण त्यांना तुमच्याशी भांडायचंय. केळीच्या बुंध्याशी फुटणाऱ्या मुनव्याला फ्रेंचमध्ये ‘रझे’ म्हणतात, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ नाकारणं, असं मी सांगितलं तेव्हापासून ते खवळलेत. ज्याच्यावर पुढची बाग उभी राहते त्याला नाकारलेलं कसं म्हणायचं, हे त्यांना तुमच्या तोंडून ऐकायचंय. कोश काढून ठेवा.

तुमची,
सोमवारची विद्यार्थिनी