खालच्या दोरावर उभं राहण्याआधी

चि. मृणाल हिस,
अनेक आशीर्वाद.

सोमवारपासून तू झाडं छाटणाऱ्या गँगबरोबर असशील, आणि तुला खालचा दोर मिळणार आहे. वर चढायला मिळत नाही म्हणून हिरमुसू नकोस. वरचा माणूस फक्त कापतो. कापलेलं कसं आणि किती वेगानं खाली येणार, हे खालच्याच्या हातात असतं. मे महिन्यात पावसाळ्याआधीची छाटणी जोरात असते आणि सोसायटीत झाडाखाली मोकळी जागा म्हणून नसतेच. गाड्या, पत्र्याची शेड, टाकीचं झाकण, कुणाच्या तरी कुंड्या. तिथं फांदी टाकून चालत नाही, उतरवावी लागते.

आधी वजनाचा अंदाज बसू दे. ओलं लाकूड ढोबळमानानं पाण्याइतकं जड धर, घनमीटरला एक टन. 30 सेंमी जाडीचा, मीटरभर लांबीचा ओंडका 70 किलोच्या आसपास जातो. तेवढ्याच लांबीचा 60 सेंमी जाडीचा ओंडका 140 नाही, 280 किलो भरतो. डोळा इथंच फसवतो. पर्जन्यवृक्षाच्या आडव्या फांद्या तर लांबच लांब असतात, टोकाचा पाला धरला की आकडा आणखी चढतो.

पण दोर वजनानं क्वचितच तुटतो, तुटतो हिसक्यानं. बुंधा वरून तुकड्यातुकड्यानं उतरवताना कप्पी कापाच्या खाली बांधलेली असते. तुकडा सुटला की कप्पीच्या वर जेवढा होता तेवढाच तिच्या खाली येतो, आणि मग दोर ताठ होतो. त्या क्षणी तू दोर आवळून धरलास तर 70 किलोचा ओंडका कित्येक पट जोरानं बसतो. दोराची लांबी कमी असेल तर आणखी वाईट, कारण ताणायला दोरच उरत नाही. म्हणून दोन गोष्टी. कापण्याआधी दोरातली ढील पूर्ण काढून घ्यायची. आणि तुकडा सुटला की दोर पळू द्यायचा, मग हळूहळू आवळत जमिनीच्या वर थांबवायचा. क्रेनवरचे खलाशी ‘आरिया’, म्हणजे ‘उतरव’, म्हणतात ना, तसं. ब्रेक दाबायचा, पण कचकन नाही.

कप्पीचं गणित वेगळंच आहे. दोर तिच्यावरून वळून परत खाली येतो, त्यामुळे दोरावर 300 किलोचा ताण असला तर कप्पी आणि तिची स्लिंग, म्हणजे तिला बुंध्याला बांधणारा दोर, यांच्यावर जवळजवळ 600 येतो. म्हणून स्लिंग दोरापेक्षा एक माप जाड असते: दोर 12-13 मिमीचा, तर स्लिंग 16 किंवा 19ची. ती बुंध्याला काऊ हिच नावाच्या गाठीनं बांधतात, वर एक जादा अर्धी गाठ मारून. चढायचा कॅराबिनर, म्हणजे उघडझाप होणारी कडी, कप्पीला लावलेला दिसला तर काम थांबव, मग लावणारा कितीही जुना असो. आडवा ओढला गेला की कॅराबिनर दगा देतो. चढायचं सामान आणि ओंडके उतरवायचं सामान यांच्या पिशव्याच वेगळ्या ठेवतात, दोरांचे रंगही वेगळे.

दोर पॉलिएस्टरचा, विणीचा घ्यायचा. 12-13 मिमीचा चांगला दोर तुटायला तीन टनांच्या आसपास घेतो, पण आपण त्याचा दहावा हिस्साच वापरायचा. गाठ मारली की ताकद तिथंच कमी होते, तिसऱ्या हिश्श्यानं, कधी त्याहूनही जास्त. हार्डवेअरच्या दुकानातला पिवळा-निळा प्लास्टिकचा दोर गाडीवर फांद्या आवळायला ठेव. तो पॉलिप्रॉपिलीनचा असतो, उन्हात कडक होतो आणि 165 अंशांच्या आसपास वितळतो. पॉलिएस्टर 250च्या पुढं टिकतं. घर्षणात हा फरक लगेच कळतो: प्लास्टिकच्या दोरावर काचेसारखी चकाकी येते, मग तिथंच तो मोडतो.

आता तुझी जागा. बुंध्याला कमरेच्या उंचीवर पोर्टारॅप बांधलेला असेल, लोखंडी नळी आणि तिला आडवे दांडे. त्यावर दोराचे वेढे घ्यायचे. एक पूर्ण वेढा तुझ्या हाताची पकड साधारण तीन-चार पट करतो, दुसरा तिच्यावर पुन्हा तेवढीच. 20 किलोची पकड दोन वेढ्यांवर 200 किलोच्या वर थोपवते. वेढे कमी पडले तर दोर हातातून पळतो, हातमोजे तापतात. जास्त झाले तर दोर पळतच नाही, आणि वर तोच हिसका. तुकडा सुटल्यावर वेढा वाढवायला वेळ मिळत नाही, म्हणून पहिली छोटी फांदी चाचणीची समजायची. ती उतरताना दोर कसा सरकतो ते पाहून पुढचे वेढे ठरव.

उभी राहताना पोर्टारॅपच्या बाजूला, फांदी येण्याच्या रेषेबाहेर राहा. मागचा दोर ताडपत्रीवर मोकळा पसरलेला हवा, भुशात आणि डहाळ्यांत नको. पायाखाली पाहा: दोराच्या वेटोळ्यात पाऊल असलं तर ओंडका खाली आणि तू वर. हाताला दोर गुंडाळायचा नाही, एकदाही नाही. डावा हात पोर्टारॅपपासून फूटभर दूर ठेव. जवळ नेलास तर बोटं वेढ्यात जातात. वरून ‘कापतोय’ अशी हाळी आली की तू ‘तयार’ म्हणेपर्यंत करवत चालू होता कामा नये. न ऐकू येण्याचं नाटक कर, पण घाईत हो म्हणू नकोस.

फांदी कुठं बांधायची हे वरचा ठरवतो, पण तुला समजलं पाहिजे. बुडाशी बांधली तर शेंडा आधी खाली लोंबतो. शेंड्याकडे बांधली तर बूड खाली येतं. पत्र्यावर आलेली आडवी फांदी तोलाच्या थोडी पुढं बांधतात, आणि शेंड्याला बारीक दोर लावून खालून दिशा देतात. तो बारीक दोर दुसऱ्यानं धरायचा, तू नाही.

कापाबद्दल एवढंच. आधी खालून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत, मग थोडं पुढून वरून, आणि उरलेला खुंट शेवटी. नाहीतर साल बुंध्यापर्यंत ओरबाडली जाते. शेवटचा काप फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेर. कडं कापायचं नाही. लोक कापावर डांबर फासायला सांगतात. गोड बोलून टाळायचं. झाड जखम भरत नाही, आतून कोंडून टाकतं आणि कडेनं नवं लाकूड चढवतं. अमेरिकेतले वनतज्ज्ञ ॲलेक्स शिगो यांनी हे 1970च्या दशकात दाखवून दिलं. चढायला बुटाला लावायचे काटेही फक्त पाडायच्या झाडाला, छाटायच्या नाही.

गुलमोहर आणि जांभूळ यांच्या फांद्या न सांगता मोडतात, त्यांच्यावर कप्पी टांगताना बुंध्याजवळ टांगायची. शेवग्यावर चढायचंच नाही. आंब्यावर ओंबील, म्हणजे लाल मुंगी, असते, चावते आणि वरच्याचे हात सुटतात. आग्यामोहोळ दिसलं तर त्या दिवशी करवत बंद.

विजेची तार फांदीत असेल तर लाइन बंद झाल्याचं खातं स्वतः सांगेपर्यंत हात लावायचा नाही. ओली फांदी वीज वाहून आणते, दोरही आणतो. आणि महापालिकेची परवानगी गाडीत नको, खिशात हवी. महाराष्ट्राच्या 1975च्या झाडे संरक्षण कायद्यानुसार आधी मंजुरी लागते, आणि 2021च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांपलीकडचं झाड वारसावृक्ष धरलं जातं. गर्दी जमली की लोक आधी कागद मागतात.

करवतीचं पेट्रोल 50ला 1: लिटरमागे 20 मिली टू-टी तेल. साखळीतून चिप्सऐवजी पीठ पडायला लागलं की कानस काढ, जोर लावू नकोस. संध्याकाळी दोर हातातून पूर्ण सरकवून तपास. चपटा, कडक, चकाकलेला किंवा बाहेरची वीण फाटलेला भाग सापडला तर तिथं कापून टाक. चिकाचे डाग कोमट पाण्यानं धुऊन सावलीत वाळव, उन्हात नाही.

हातमोज्यांचे दोन जोड पाठवतोय, तुझ्या मापाचे. तिथं पेटीत आहेत ते दामूकाकांच्या मापाचे, तुला सैल होतील, आणि सैल मोजा दोराबरोबर वेढ्यात ओढला जातो.

तुझे,
बाबा