पट्टीवर निकाल नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जळगावच्या औद्योगिक वसाहतीजवळ माझे औषधांचे दुकान आहे. पाळी सुटली की चटई, पाइप आणि डाळ मिलमधले कामगार अंगदुखीची गोळी नाहीतर खोकल्याचे औषध घ्यायला येतात. अलीकडे औषध हातात घेण्याआधीच ते विचारतात, "याच्यानं गेटवरच्या टेस्टमध्ये काही येणार नाही ना?" काही ठिकाणी नशा-तपासणीसाठी लघवीचे नमुने घेणे सुरू झाले आहे, आणि कामगारांनी त्याचा धसका घेतला आहे.

तपासणी व्हावी, याबद्दल दुमत नाही. फोर्कलिफ्टवर किंवा प्लास्टिक वितळवून ओढणाऱ्या तापलेल्या एक्स्ट्रूडर यंत्रावर तर्र झालेला माणूस उभा राहिला, तर हात बहुधा शेजारच्याचा जातो. प्रश्न आहे तो तपासणी कोण करतो, कशी करतो आणि निकालाचे पुढे काय होते, याचा.

मध्यंतरी एका कंत्राटी हेल्परने मोबाइलवर लघवीच्या तपासणीच्या आपल्या पट्टीचा फोटो दाखवला. वरची रेघ ठळक, खालची फिकट. गेटवरच्या माणसाने त्याला 'पॉझिटिव्ह' ठरवले होते. करोनाच्या किटची सवय, दोन रेघा दिसल्या की संपले! नशेच्या पट्टीचे गणित नेमके उलटे असते. तिथे खालची, म्हणजे चाचणीची रेघ उमटली, मग ती कितीही फिकट असो, तर निकाल निगेटिव्ह. ती उमटलीच नाही, नुसती वरचीच आली, तर पॉझिटिव्ह. शिवाय पट्टी ठरलेल्या मिनिटांत वाचायची असते, चहा पिऊन आल्यावर नाही. हे सगळे पाकिटातल्या कागदावर छापलेले असते, पण तो कागद वाचतो कोण? ठेकेदाराने त्या हेल्परला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितले. लेखी काहीच नाही. "भाऊ, आते काय करू?" या त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नव्हते.

पट्टी बरोबर वाचली तरी तो शेवटचा शब्द नसतो. कोडीन असलेले खोकल्याचे औषध डॉक्टरच्या चिठ्ठीवर घेतले तरी अफूवर्गाची पट्टी पॉझिटिव्ह येऊ शकते. झोपेसाठी किंवा घबराटीसाठी अल्प्राझोलाम चालू असेल, तर तेही दिसू शकते. खसखशीचेही तसेच, आणि आपल्याकडे दिवाळीत अनारसे कोण खात नाही? अमेरिकेत सरकारी नियमांनुसार होणाऱ्या चाचण्यांमध्ये अफूवर्गासाठी पॉझिटिव्ह ठरवण्याची मर्यादा मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅम होती. खसखस आणि औषधांमुळे येणारे असे निकाल टाळण्यासाठी १९९८ मध्ये ती २००० केली गेली. बाजारात ३०० च्या पट्ट्या अजूनही मिळतात. गांजाचा अंश तर लघवीत काही दिवस, नेहमीच्या सेवनाने काही आठवडेही राहतो. म्हणजे कामावर असताना माणूस नशेत होता की नाही, हे लघवी सांगतच नाही. दारूसाठीची श्वासाची चाचणी मात्र त्या वेळची स्थिती दाखवते. भुसावळला रेल्वेचे लोको पायलट ड्यूटीवर चढताना लॉबीत, म्हणजे हजेरीच्या खोलीत, श्वास तपासणाऱ्या यंत्रात फुंकतात, उतरतानाही फुंकतात. सगळ्यांनाच फुंकायचे असते आणि त्याची नोंद राहते, म्हणून कोणाला त्यात अपमान वाटत नाही. कारखान्याच्या गेटवर मात्र हेल्परची तपासणी होते आणि मॅनेजरची गाडी सरळ आत जाते.

विमान वाहतूक महासंचालनालयाच्या २०२२ पासून लागू झालेल्या नियमांत वैमानिकांची अचानक तपासणी आहे. पण पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली की त्याच नमुन्याची प्रयोगशाळेत खात्री केली जाते. अमेरिकेतल्या ट्रकचालकाचा नमुना दोन बाटल्यांत विभागून ठेवतात आणि निकाल कळल्यापासून ७२ तासांत त्याला दुसरी बाटली तपासून मागता येते. वैमानिकाला जो न्याय, तो चटई कारखान्यातल्या माणसाला का नको?

आपला कायदाही अगदीच मुका नाही. १९७१ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका अपघात खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की तोंडाला वास येणे, तोल जाणे एवढ्यावरून माणूस नशेत होता असे सिद्ध होत नाही. स्थायी आदेश, म्हणजे कारखान्याच्या नोकरीचे कायदेशीर नियम, जिथे लागू आहेत तिथे चौकशीसाठी निलंबित केलेल्या कामगाराला पहिले ९० दिवस पगाराच्या निम्मा आणि पुढे, उशीर त्याच्यामुळे झालेला नसेल तर, पाऊण पट निर्वाह भत्ता मिळतो. आणि कोण कोणती गोळी घेतो ही ज्याची त्याची खासगी बाब आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितले आहे. ती सगळ्या पाळीसमोर ओरडून जाहीर करायची गोष्ट नव्हे. कंत्राटी माणसापर्यंत यातले काहीच पोहोचत नाही. त्याला निलंबितच कोणी करत नाही, फक्त गेटपास काढून घेतात.

सहायक कामगार आयुक्त कार्यालय आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय यांनी यात लक्ष घालावे. पट्टी प्रशिक्षित माणसानेच लावावी आणि वाचावी, चालू औषधे आधी खासगीत विचारावीत, पॉझिटिव्ह आल्यास मालकाच्या खर्चाने प्रयोगशाळेत खात्री करून घ्यावी आणि तोवर रोजी बुडू नये. अहवाल लेखी मिळावा. कामगार ठेकेदाराचा असला तरी हा अहवाल मूळ कारखान्यानेच द्यावा, कारण पट्टी त्यांच्याच गेटवर लावली जाते.

आपला,
एक औषध विक्रेता, जळगाव