बाकावरची पोरं

दादर, मुंबई
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय बंड्या,

परवा तुझा फोन झाल्यापासून डोक्यात तेच घोळतंय. तुझ्या बेसबॉल संघात बाहेरून एक तगडा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, आणायचा आणि त्याच्या खर्चासाठी तीन राखीव पोरांना कमी करायचं, असं तू म्हणालास. तेव्हा नीट बोलता आलं नाही म्हणून लिहितो. नको करूस असं.

क्रिकेटमध्ये एखादा गावसकर दिवसभर उभा राहून सामना वाचवतो. बेसबॉलमध्ये बॅटर कितीही मोठा असो, नऊ जणांत एकदा त्याची पाळी येणार, म्हणजे सामन्यात चार-पाच वेळा. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस एंजल्स संघाचंच बघ. माइक ट्राउट आणि शोहेई ओहतानी हे दोन दिग्गज २०१८ ते २०२३ अशी सहा वर्षं एका संघात होते. त्या काळात दोघांनी मिळून सर्वोत्तम खेळाडूचे तीन किताब (एमव्हीपी) घेतले, आणि संघ एकदाही प्लेऑफला, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेरीला, पोचला नाही! बाकीच्या जागा भरायला दमाची माणसंच नव्हती.

आणि याच महिन्याची २ तारीख आठव. पहाटे उठून मी वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, सातवा सामना लावला होता. नववी इनिंग, लॉस एंजेलिसचाच दुसरा संघ डॉजर्स एका रनने मागे, दोनच आउट शिल्लक. ओहतानी आता त्यांच्याकडे आहे, पण होमरन मारला मिगेल रोहासने, बॅटिंग ऑर्डरमधल्या शेवटच्या माणसाने. अकराव्या इनिंगमध्ये डॉजर्स जिंकले. त्याच रात्री नवी मुंबईत आपल्या मुलींनी वर्ल्ड कप उचलला. शफाली वर्मा तर मूळ संघातही नव्हती. प्रतीका रावल जखमी झाली म्हणून तिला बोलावलं, आणि फायनलमध्ये तिने ८७ धावा आणि दोन विकेट काढल्या. एकाच दिवसात दोनदा डोळे भरून आले रे.

आपली शिवाजी पार्कातली सेमीफायनल मी विसरलेलो नाही. दोन दिवसांतला तिसरा सामना, आणि तिन्ही तूच टाकत होतास. मी कॅचर, तुझा बॉल झेलणारा, त्यामुळे सगळ्यांच्या आधी मला कळलं. सकाळी ग्लव्हमध्ये खाडकन वाजणारा बॉल पाचव्या इनिंगला नुसता येऊन पडायला लागला. तुझा हात वर जाईना. दुसरं कुणी तयारच केलं नव्हतं, म्हणून राइट फील्डला क्षेत्ररक्षण करणाऱ्या पोराला टाकायला उभं केलं. त्याने ओळीने चौघांना वॉक दिले, म्हणजे चुकीचे बॉल टाकून फुकट बेसवर पाठवलं. तो रडत होता आणि मी तुझा खांदा बर्फाने शेकत होतो. त्या पोराची चूक नव्हती. वर्षभर त्याच्या हातात कुणी बॉल दिला नव्हता.

तुझ्या त्या तिघांत एक डावखुरा आहे ना, स्कोअरबुक लिहीत बसणारा? मागे आलो तेव्हा त्याला भिंतीवर बॉल मारताना पाहिलं होतं. मनगट छान सुटतं त्याचं. त्याला रोज वीस-पंचवीस बॉल टाकू दे, फार नको. तिघांच्या प्रवासाचे पैसे मी देतो, त्यावरून वाद घालू नकोस.

येत्या शनिवारी संध्याकाळच्या पंचवटीने नाशिकला येतोय. रविवारी सकाळी त्याला मैदानावर बोलाव. माझा जुना ग्लव्ह घेऊन येतो, मीच बसतो त्याच्यासमोर.

तुझा,
अन्या