तळमजल्यावरच्या काकूंचे जाहीर आभार

ती. काकूंस,
सा. न. वि. वि.

पत्र असं चारचौघांत लिहितेय म्हणून रागावू नका. समोर बसून आभार मानायला गेले असते तर तुम्ही "आधी पोहे खा" म्हणून विषय बदलला असता. शिवाय तुम्ही जे केलंत ते आमच्या एका घरापुरतं नव्हतं. कन्नमवार नगरातल्या आपल्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये मोठ्यांचं पोरांशी वागणं बदललं, आणि गंमत म्हणजे आपल्याला कोणीतरी बदलवलं याचा अर्ध्या लोकांना अजून पत्ताच नाही.

आमच्या आप्पांचंच घ्या. नातवावर जीव, पण अभ्यासाला बसवलं की आवाज चढायचा, "शेजारची पोरगी बघ" व्हायचं आणि शेवटी पाठीत धपाटा. मी काही बोलले की ठरलेलं उत्तर : "आम्ही मार खाऊनच मोठे झालो, काय बिघडलं आमचं?" या प्रश्नाला सुनेकडे उत्तर नसतं. बिघडलं म्हणावं तर त्यांच्या आईवडिलांचा अपमान, नाही म्हणावं तर धपाटा मंजूर. नवरा अशा वेळी पेपरात तोंड घालतो. (बाप मुलाला सांगू शकतो, मुलगा बापाला नाही आणि सून तर कोणालाच नाही. ही व्यवस्था कोणी लावली, त्याला एकदा भेटायचंय मला.)

तुम्ही तो विषयच काढला नाहीत. चहाला आलात आणि म्हणालात, "आप्पा, तुम्ही कंपनीत लेथवर होतात ना? पोरांना लाकडी भोवरा दाखवायचाय. बाजारात मिळतात ते सगळे प्लास्टिकचे." दोन दिवसांत आप्पांनी ओळखीच्या वर्कशॉपमधून भोवरे करून आणले. आर, म्हणजे खालचा खिळा, तीही स्वतः ठोकली.

तळमजल्यावरच्या तुमच्या गॅलरीतली ती संध्याकाळ मी जिन्यातून बघत होते. जाळी, म्हणजे भोवऱ्याची दोरी, आरेपासून वर घट्ट गुंडाळत न्यायची, एक वेढा दुसऱ्यावर चढू द्यायचा नाही. पहिलीतल्या पोराच्या बोटांना ते जमतंय कुठे! आमच्या लेकाची जाळी सुटली, परत सुटली, आणि आप्पांचा आवाज चढला. पोरांचे हात जागच्या जागी थांबले. मला वाटलं, आता तुम्ही म्हणणार, "ओरडू नका हो." तुम्ही एक भोवरा उचललात, मुद्दाम वाकडीतिकडी जाळी गुंडाळलीत आणि विचारलंत, "मलाही जमेना. आप्पा, तुम्हाला लेथ पहिल्यांदा शिकवला कोणी?"

मग आप्पा त्यांच्या उस्तादांबद्दल बोलत सुटले. आम्ही घरात इतकी वर्षं कधी ऐकलं नव्हतं. उस्ताद आप्पांच्या हातावर आपला हात ठेवून हँडल फिरवायचे. जॉब, म्हणजे लेथवर लावलेला तुकडा, खराब झाला की एवढंच म्हणायचे, "टाक बाजूला, दुसरा घे." हे सांगता सांगता आप्पा क्षणभर थांबले. मग काही न बोलता त्यांनी नातवाचा हात आपल्या हातात घेतला आणि जाळी पहिल्यापासून गुंडाळायला घेतली.

नंतर मी तुमचं कौतुक करायला लागले तर तुम्ही म्हणालात, "अगं, मी काय शिकवणार त्यांना? त्यांच्याकडे होतंच ते. नातवापर्यंत पोचलं नव्हतं एवढंच." आता शुद्धलेखन चुकलं तरी आमच्याकडे "टाक बाजूला, दुसरा घे" ऐकू येतं. सगळं सुधारलं असं मात्र नाही. निकालाच्या दिवशी शेजारची पोरगी अजून निघते. पण धपाटा गेला.

तुमचं आयुष्य बालवाडीत गेलं आणि ताराबाई मोडक तुमच्या बोलण्यात सारख्या यायच्या. त्यांनी आणि अनुताई वाघांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली, १९५७ मध्ये काम कोसबाडला नेलं. आदिवासी मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणावर न्यायची, अशी त्यांची कुरणशाळा. हे मी डी.एड.च्या मैत्रिणीच्या वहीत वाचलं होतं, परीक्षेपुरतं. तुम्ही ते मोठ्या माणसांना लावलंत. "पालकसभेला आप्पा येणार आहेत का? सेक्रेटरी येणार आहेत? मग ते जिथे आहेत तिथे आपण जायचं."

सेक्रेटरींचं तर तुम्हाला आठवतच असेल. "आवारात खेळण्यास सक्त मनाई" ही पाटी लागली तेव्हा मी पेटले होते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं ३१ वं कलम खेळण्याचा हक्क मान्य करतं, भारताने तो करार १९९२ मध्ये स्वीकारला, हे सगळं टाइप करून सोसायटीच्या ग्रुपवर टाकायच्या बेतात होते. तुम्ही फोन माझ्या हातातून काढून घेतलात. "ग्रुपवर सगळ्यांसमोर कोणी माघार घेत नसतो. उलट उद्या दुसरी पाटी लागेल."

तुम्ही सेक्रेटरींना विचारलंत, नेमका त्रास कोणाला होतो? उत्तर अगदी साधं निघालं. दुसऱ्या मजल्यावरचे एक काका रात्रपाळी करून दुपारी झोपतात, आणि एका गाडीची काच फुटली होती. तुम्ही पोरांनाच त्या काकांकडे पाठवलंत, तेही संध्याकाळी, त्यांची झोप झाल्यावर. "काका, तुम्ही किती वाजेपर्यंत झोपता?" हे आजवर त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. तेच म्हणाले, चारनंतर खुशाल खेळा. सीझनचा बॉल गेला, रबरी आला. आठवड्याभरात सेक्रेटरींनी स्वतःच्या अक्षरात नवी पाटी लावली : "दुपारी २ ते ४ शांतता राखावी. खेळ ४ ते ७." खाली सही, शिक्का. आता पाहुण्यांना ते अभिमानाने सांगतात की आमच्या सोसायटीत मुलांसाठी वेळ राखून ठेवलेली आहे. तुम्ही पोरांना बजावलं होतंत म्हणे, की सेक्रेटरीकाकांचे आभार मानायचे, माझं नाव काढायचं नाही.

शाळेच्या वेळी मात्र मला तुमचं पटायला वेळ लागला. वर्गात बाईंनी लेकाला "मठ्ठ" म्हटलं, सगळ्यांसमोर, आणि तास संपेपर्यंत उभं ठेवलं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्याचं १७ वं कलम शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळालाही मनाई करतं. मी प्रिंटआउट काढून तयार! तुम्ही म्हणालात, "कायदा पिशवीत असू दे. हातात घेऊन आत गेलीस तर बाई मुलाचं नाही, स्वतःच्या नोकरीचं बघतील." मग तुम्ही मला अक्षरशः तालीम दिलीत. शाळा सुटताना गेटवर गाठायचं नाही, वेळ मागून घ्यायची. पोराला सोबत न्यायचं नाही. सुरुवात तक्रारीने नाही, तर बाईंनी शिकवलेलं जे घरी करून दाखवतो त्याने. मग सांगायचं, तो हल्ली सकाळी पोट दुखतं म्हणतो, काय करू या? आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड होतं, काकू. त्या शांततेत बाई म्हणाल्या, "वर्गात साठ आहेत हो. कधी कधी तोंडातून जातं." आणि पुढच्या आठवड्यात त्याला फळा पुसायचं काम मिळालं.

तरी सांगते, मला अजून वाटतं की हे गोड बोलणं नेहमी आपल्याच वाट्याला का यावं? ज्याने पोराला लागेल असं बोललं त्याला सांभाळून घ्यायचं आणि आईने शब्द तोलायचे! यावर तुम्ही हसला होतात. "पोराचं काम होतंय ना, मग तुझा राग नंतर माझ्याकडे येऊन काढ." तो मी भरपूर काढलाही.

आणि तुम्ही फक्त गोडच बोलता असंही नाही. वरच्या मजल्यावर एका रात्री पट्ट्याचा आवाज आला, तेव्हा तुम्ही ना चहाला गेलात ना आठवणी काढल्यात. गुडघे दुखत असताना तीन जिने चढलात, दार वाजवत राहिलात आणि दार उघडल्यावर सरळ सांगितलंत की पुन्हा आवाज आला तर मी १०९८, मुलांची हेल्पलाइन, लावणार. जिन्यात मला म्हणालात, हा नंबर १९९६ मध्ये आपल्या मुंबईतच सुरू झालाय, प्रत्येक घरात पाठ हवा. समजावणं कुठे थांबवायचं, हेही मी त्या रात्री तुमच्याकडूनच शिकले.

आता थोडं कामाचं. तुम्ही बदलापूरला गेलात आणि इकडे पुनर्विकासाचा नकाशा आला. पार्किंगचे दोन मजले आहेत आणि पोरांसाठी जागा म्हणून कोपऱ्यात एक त्रिकोण, तोही मीटर रूमला लागून. रविवारी सकाळी दहाला मीटिंग आहे. आप्पांनी स्वतःहून मागण्यांचा कागद लिहिलाय, पोरांना विचारून, मापांसकट. आर्किटेक्टशी तेच बोलणार म्हणतात. कालपासून घरात तालीम चाललीय आणि दुसऱ्याच वाक्याला टेबलावर मूठ आपटतेय. माझं ते ऐकणार नाहीत. शनिवारी संध्याकाळी तुम्हीच एक फोन करा त्यांना, भोवऱ्याचं काहीतरी निमित्त काढून.

तुमची,
पहिल्या मजल्यावरची सूनबाई
विक्रोळी (पूर्व)